जुने नाव, नवा स्वर : बेंजोच्या पोटातील एका बदलाचा इतिहास

बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेड राजा तालुक्यातील साखरखेर्डा हे गाव इतिहासाच्या पुस्तकांत बहुधा एकाच प्रसंगाने येते. १७२४ च्या ऑक्टोबरात निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझखान यांची येथे लढाई झाली. मुबारिझखान मारला गेला आणि दख्खनमध्ये निजामाचा अंमल पक्का झाला. विजयाची खूण म्हणून गावाला फत्तेखेर्डा असे नाव देण्यात आले. कागदोपत्री ते चाललेही. पण लोकांच्या जिभेवर साखरखेर्डा होते ते साखरखेर्डाच राहिले. नाव बदलले, गाव तेच राहिले.

आम्हाला ज्या वाद्याविषयी लिहायचे आहे त्याची गोष्ट नेमकी उलट आहे. त्याचे नाव पक्के राहिले आणि आतले सगळे बदलत गेले. ते वाद्य म्हणजे बेंजो. गणपतीच्या मिरवणुकीत, लग्नाच्या वरातीत हातगाडीवर किंवा टेम्पोत ठेवून वाजवले जाणारे, टंकलेखन यंत्रासारख्या बटणांचे हे वाद्य महाराष्ट्रात कोणी ऐकले नाही असे होणार नाही. संगीताच्या ग्रंथांत मात्र त्याला क्वचितच जागा मिळते.

पहिली गंमत नावातच आहे. अमेरिकेतील बँजो आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांच्या वाद्यांपासून घडला. त्याला डफासारखे ताणलेले पडदे असते. आपल्या बेंजोला ते नाही. तो बुलबुल तरंगाचा वंशज आहे आणि बुलबुल तरंग आला जपानी ‘ताइशोगोतो’वरून. नागोया येथील मोरिता गोरो यांनी १९१२ साली, म्हणजे ताइशो राजवटीच्या पहिल्याच वर्षी, हे वाद्य सिद्ध केले. तारांवर बोटे दाबण्याऐवजी बटण दाबावे आणि दुसऱ्या हाताने तार छेडावी, अशी ही सोय. स्वस्त, सुटसुटीत आणि थोडक्या सरावाने धून काढता येईल असे हे वाद्य भारतात आले आणि घराघरांत रुजले. बलुचिस्तानात याच कुळातील वाद्याला ‘बेंजू’ म्हणतात. एकूण काय, नाव आफ्रिकी-अमेरिकी, बांधणी जपानी आणि बाज आपला.

घरातील बुलबुल तरंग रस्त्यावर आला तेव्हा त्याच्यापुढे एकच प्रश्न उभा राहिला : ढोल-ताशांच्या गजरात याचा आवाज पोचायचा कसा? त्याचे उत्तर गिटारवाल्यांनी आधीच शोधून ठेवले होते. १९३१-३२ च्या सुमारास अमेरिकेत जॉर्ज बीचम आणि अडॉल्फ रिकनबॅकर यांनी हवाईयन गिटारला चुंबक आणि तारेचे वेटोळे बसवले. पोलादी तार चुंबकाच्या क्षेत्रात थरथरली की वेटोळ्यात सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो. फॅराडेने १८३१ साली दाखवलेले तत्त्व ते हेच. तो प्रवाह वर्धकाकडे न्यायचा, की बारीक आवाजाचा मोठा आवाज होतो. हाच पिकअप. आपल्याकडे विद्युत गिटारवर चित्रपटगीते वाजवून व्हॅन शिपले यांनी मुंबईत नाव कमावले. बेंजोच्या तारांखालीही हाच चुंबक आणि हेच वेटोळे येऊन बसले.

पण वेटोळे तारेचे ऐकते तसे घरातील विजेचेही ऐकते. आपल्याकडे वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांनी येते. दिवे, रोहित्रे, जनरेटर यांभोवतीचे चुंबकीय क्षेत्रही त्याच लयीत हलते आणि ते वेटोळ्यात शिरून भोंग्यातून अखंड ‘घूंऽऽ’ ऐकू येते. वादक यालाच ‘हम’ म्हणतात. जनरेटर गाडीवरच ठेवलेला असला तर विचारायलाच नको.

गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी यावर तोडगा काढला. त्यांनी एकाऐवजी दोन वेटोळी शेजारी ठेवली. दोन्हींचे वेढे परस्परविरुद्ध दिशेने आणि दोन्हींना मिळणारे चुंबकाचे ध्रुवही परस्परविरुद्ध. तारेचा संकेत दोन्ही वेळा उलटतो, म्हणून तो जुळून येतो. बाहेरच्या विजेला चुंबकाशी कर्तव्य नसते, म्हणून तिचा संकेत एकदाच उलटतो आणि दोन वेटोळ्यांतील हम एकमेकांना छेदून जातो. हमला थोपवणारा म्हणून हा ‘हमबकर’. १९५५ च्या जूनमध्ये पेटंटसाठी अर्ज झाला, १९५७ पासून गिटारींत हे पिकअप बसू लागले आणि १९५९ च्या जुलैमध्ये पेटंट मिळाले. मधल्या काळातील पिकअपांवर ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशा अर्थाची चिठ्ठी असे. त्या शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘पीएएफ’ हे नाव रूढ झाले आणि आज ते जुन्या गिटारींच्या बाजारात सोन्याच्या भावाने विकले जातात.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. हे पीएएफ एकसारखे नव्हते. प्रत्येक वेटोळ्यात साधारण पाच हजार वेढे असत, पण मोजणी काटेकोर नव्हती. चुंबकही हाताशी असेल त्या प्रतीचे लागत. म्हणून रोध कुठे सात किलोओहम तर कुठे नऊपर्यंत जाई आणि स्वरही तसाच बदले. ज्या विविधतेला पुढे ‘जादू’ म्हटले गेले, ती कारखान्यातील ढिलाईतून आली होती.

वादकाने मूळ पिकअप काढून आपल्या पसंतीचा बसवावा, ही प्रथा व्यापाराच्या रूपाने १९७० च्या दशकात स्थिर झाली. लॅरी दिमार्झिओ यांचा ‘सुपर डिस्टॉर्शन’ १९७२ चा, सेमूर डंकन यांची कंपनी १९७६ ची. तोवर कारखाना देईल तो स्वर वादकाचा असे. आता गिटार तीच ठेवून तिचा कंठ बदलता येऊ लागला.

आम्हाला यात नवल वाटत नाही ते मिरजेमुळे. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची घोडी घासून जवारी काढतात ती गायकाला विचारून. कोणाला खुली जवारी हवी, कोणाला बंद. भोपळा तोच, तारा त्याच; घोडीवरचा केसभर उतार बदलला की वाद्य वेगळे बोलते. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा या हातकामाला एक प्रकारे सरकारी मान्यताच मिळाली. वाद्याचा स्वर वाजवणाऱ्याने ठरवायचा असतो, ही समजूत आपल्याकडे जुनीच आहे.

मग बेंजोसाठी पिकअप निवडायचा कसा? आमच्या मते येथे ‘सर्वांत चांगला कोणता’ हा प्रश्नच फसवा आहे. खरा प्रश्न असा, की काय मिळवताना काय गमवायचे.

हमबकर हम घालवतो हे खरे, पण तो तार एकाच वेळी दोन ठिकाणी ऐकतो. त्यामुळे काही वरचे स्वरांश आपसात कटतात आणि आवाज भरदार, पण बोथट होतो. बेंजोचे सारे बळ त्याच्या धारेत आहे. ताशाच्या कडकडाटातून गाण्याची ओळ कानी पडते ती या धारेमुळे. जास्त वेढ्यांचा ‘जोरकस’ पिकअप घेतला तर संकेत वाढतो. मात्र वेढे वाढले की वरचे स्वर आणखी दबतात. ‘सुपर डिस्टॉर्शन’चा रोध तेरा किलोओहमच्या आसपास आहे. गिटारला विकृत, गुरगुरता स्वर देण्यासाठी तो उत्तम. ‘मोरया’च्या चालीतील मुरकी स्पष्ट ऐकू यावी म्हणून नव्हे. सिरॅमिक चुंबक तिखट, अल्निको तुलनेने मवाळ, असे ढोबळ मानाने म्हणता येते. चुंबक फार जवळ आणला तर तो तारेलाच ओढतो आणि तिचा नाद लवकर मरतो, म्हणून उंची बेताने ठेवावी लागते.

दुसरी अडचण मापाची. गिटारच्या हमबकरमध्ये सहा तारांसाठी सहा खुंट्या, सुमारे एकेक सेंटीमीटर अंतरावर. बेंजोच्या बटणांखालील तारा त्याहून जवळ असतात. खुंटी एकीकडे आणि तार दुसरीकडे झाली तर एक तार मोठ्याने बोलते आणि शेजारची दबते. खुंट्यांऐवजी सलग पट्टी असलेला पिकअप येथे शहाणपणाचा. वेटोळी मेणात बुडवून घट्ट केलेली असावीत, नाहीतर भोंगा जवळ आला की वाद्य शिटी मारू लागते. चकतीसारखा दाब-संवेदी पिकअप स्वस्त पडतो, पण तो लाकडाचा कंप ऐकतो, म्हणजे बटणांची टकटकही ऐकतो. चारी टोके बाहेर काढलेला हमबकर मिळाला तर खटका बसवून एकच वेटोळे चालू ठेवता येते : बंदिस्त सभागृहात धार, जनरेटरशेजारी शांतता.

आज मिरवणुकीत डीजेच्या भिंती उभ्या राहतात आणि बेंजोवाल्यालाही वाटते, की आपणही आणखी जोर करावा. जोराच्या या शर्यतीत बेंजो जिंकणार नाही. त्याच्याकडे जे आहे ते डीजेकडे नाही : समोर बसलेल्या माणसाचा हात आणि त्या हाताची ओळखू येणारी धार. पिकअप निवडताना ती जपली गेली तर वाद्य टिकेल. रवी जाधव यांनी २०१६ साली ‘बँजो’ हा चित्रपट काढला, तेव्हा या वादकांकडे थोडा वेळ लक्ष गेले. वाद्याच्या पोटात काय दडले आहे, याची दखल घेण्याचे काम मात्र उरलेच.

त्यासाठी फार मोठी साधने लागत नाहीत. जुन्या बेंजोत नवा पिकअप जरूर बसवावा, पण काढलेला जुना भंगारात टाकू नये. कागदात गुंडाळून, त्यावर साल आणि वाद्य कोठे दुरुस्त केले ते लिहून, वाद्याच्याच पेटीत ठेवावा. साखरखेर्ड्याचे जुने नाव लोकांच्या बोलण्यातून टिकले. वाद्याचा जुना स्वर बोलण्यातून टिकत नाही. तो त्या वेटोळ्यात असतो, आणि वेटोळे गेले की फक्त लाकडाची पेटी उरते.