सोमल आणि सिंहासन

९ नोव्हेंबर १८७४ रोजी बडोद्याचे रेसिडेंट कर्नल फेअर यांनी पपनसाच्या सरबताचे दोनतीन घोट घेतले आणि मळमळू लागताच उरलेले ओतून दिले. पेल्याच्या तळाशी गाळ राहिला. रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड यांनी तो तपासला. मागून मुंबईच्या सरकारी रसायनज्ञांनीही तपासला. त्यात सोमल निघाला. चकाकणारे कण हिऱ्याच्या भुकटीचे ठरविण्यात आले. (हिरा म्हणजे निव्वळ कार्बन. त्यास विष मानले ते लोकसमजुतीने.)

पेल्यात काय होते एवढेच रसायनशास्त्र सांगू शकते. ते कोणाच्या आज्ञेने पडले, हे नव्हे. गाळापासून मल्हारराव गायकवाडांपर्यंतचा दुवा जोडला तो हवालदार रावजी व खाजगी चिटणीस दामोदरपंत यांच्या साक्षींनी. आणि दोघेही माफीचे साक्षीदार! १८७५ च्या चौकशी मंडळातील तिघा इंग्रजांनी आरोप सिद्ध मानला. ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज व सर दिनकरराव यांनी तो मानला नाही. तेव्हा हिंदुस्थान सरकारने विषप्रयोगाचा आधार सोडला आणि एप्रिलमध्ये गैरकारभाराच्या कारणावरून मल्हाररावांस पदच्युत केले. गैरकारभार खराही असेल. परंतु मंडळापुढे चौकशी चालली होती ती विषाची. मल्हारराव १८८२ मध्ये मद्रासेस वारले.