काळ्या लघुग्रहांचा रंग

आकाशस्थ वस्तूंची जात रंगावरून ओळखावी, ही ज्योतिर्विदांची रीत जुनी आहे. पण रंग हा साक्षीदार कितपत विश्वासू, हा प्रश्न १९६९ नंतर ऐरणीवर आला. त्या सालीं चंद्रावरून आणलेली माती तेथीलच खडकांच्या पुडीपेक्षां अधिक काळी व तांबूस भरली. वातावरणाचें पांघरूण नसलेल्या पृष्ठावर सौरवाताचे कण व सूक्ष्म उल्का अखंड आदळतात. त्या माऱ्यानें मातीच्या कणांवर लोहाचे अतिसूक्ष्म बिंदु जमतात आणि रंग पालटतो. जपानच्या हायाबुसा यानानें २०१० सालीं इतोकावा या खडकाळ लघुग्रहाची धूळ आणली, तींतहि असेच बिंदु आढळले. कोडें सुटलें, असें वाटलें.

परंतु कार्बनयुक्त लघुग्रह मुळांतच कोळशासारखे! त्यांवर पडलेल्या प्रकाशापैकीं शेंकडा ४-५ भागच परत फिरतो. जें आधींच काळें, तें आणखी काळवंडणार तें काय? प्रयोगशाळेंत उल्कापाषाणांवर तसाच मारा करून पाहिला, तर कधीं तांबूसपणा वाढे, कधीं निळसरपणा.

शेवटीं रियूगू व बेनू यांनाच विचारावें लागलें. दोन्ही १९९९ सालीं सांपडलेले, दोन्ही दगडांचे सैल ढिगारे. पहिला सुमारें ९०० मीटर रुंद, दुसरा सुमारें ५००. हायाबुसा-२ यानानें ५ एप्रिल २०१९ रोजीं २ किलो वजनाचें तांबें सेकंदास २ किलोमीटर वेगानें रियूगूवर आदळविलें व १४ मीटरांहून रुंद खड्डा पाडून आंतील द्रव्य उघडें केलें. अशा धाडसाचें मला तरी मोठें कौतुक वाटतें. रियूगूवर जुनें पृष्ठ तांबूस व ताजें द्रव्य निळसर दिसलें. अमेरिकेच्या ओसायरिस-रेक्स यानास बेनूवर नेमकें उलट आढळलें : ताजीं विवरें तांबूस, जुनें पृष्ठ निळसर. (नुसत्या डोळ्यांस दोन्ही काळेच, हा भेद उपकरणांचा.)

दोन्ही यानांच्या कॅमेऱ्यांचीं मापें एकमेकांशीं जुळवून पाहिल्यावर आणखी एक गोष्ट निघाली. दोघांचा मूळ रंग जवळजवळ एकच होता. काळानें त्यांना विरुद्ध दिशांना नेलें. म्हणजे रंगावरून वेगळ्या ठरविलेल्या दोन जाती कदाचित् एकाच घराण्यांतील असतील, आणि आपल्या वर्गीकरणाच्या वह्या पुन्हा तपासाव्या लागतील.

रियूगूची सुमारें ५ ग्रॅम माती २०२० सालीं पृथ्वीवर आली. तिच्या कांहीं कणांच्या बाह्य सालींतील चिकणमातीसारख्या खनिजांनीं आपलें पाणी गमावलेलें दिसलें. बेनूची सुमारें १२१ ग्रॅम माती २०२३ सालीं आली. उभय देशांनीं एकमेकांस आपापल्या मातीचा वांटा दिला असून दोहोंचे कण आतां शेजारीं शेजारीं ठेवून तपासतां येतात.