सैनिकी कुटुंबाचे अर्थनियोजन (भारत)

भारतीय सैन्यदलांत सेवेत असलेल्या किंवा तेथून निवृत्त झालेल्या व्यक्तीच्या घरातील उत्पन्न, खर्च व बचत यांची आखणी म्हणजे सैनिकी कुटुंबाचे अर्थनियोजन होय. ठरावीक मासिक वेतन हे या घराचे बलस्थान असले, तरी नागरी नोकरदाराच्या घरापेक्षा ते तीन बाबतींत वेगळे असते. मिळवता माणूस एका ठिकाणी आणि घर दुसऱ्या ठिकाणी असते. उत्पन्नातील मोठा भाग भत्त्यांचा असल्याने बदलीबरोबर तो कमी-जास्त होतो. आणि जवानाची निवृत्ती बहुधा पस्तिशी ते चाळिशीच्या आसपास, म्हणजे मुले शाळेत असतानाच येते. प्रस्तुत लेखात मुख्यतः भूदलातील जवान व कनिष्ठ आयुक्त अधिकारी यांच्या कुटुंबांचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका

भारतात टपाल खात्याची मनीऑर्डर सेवा १८८० मध्ये सुरू झाली आणि पलटणीतील शिपायाला घरी पैसे पाठवण्याचा भरवशाचा मार्ग मिळाला. सातारा, कोल्हापूर व कोकण या भागांतील अनेक गावांत पोस्टमनची वाट पाहणे हा महिन्याच्या हिशेबाचाच भाग होता. साताऱ्याजवळील अपशिंगे आणि कोल्हापूर जिल्ह्यातील सैनिक टाकळी ही गावे तर सैनिकांची गावे म्हणूनच ओळखली जातात. मनीऑर्डरीचे पैसे बहुधा सैनिकाच्या वडिलांच्या किंवा थोरल्या भावाच्या नावे येत. सैनिकाच्या पत्नीच्या हाती त्यांतले किती पडत, हे घराच्या रीतीवर अवलंबून असे. बँक खात्यांमुळे ही स्थिती पुष्कळ बदलली आहे. तथापि पैसा घरी येणे आणि घर चालवणाऱ्या स्त्रीला त्याची माहिती असणे या दोन गोष्टी आजही सर्वत्र एक झालेल्या नाहीत.

सैनिकी निवृत्तिवेतनावर उभ्या राहिलेल्या घराचे महाराष्ट्रातील सर्वपरिचित उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या वडिलांचे आहे. सुभेदार रामजी सकपाळ महू येथील लष्करी छावणीतून निवृत्त झाल्यावर दापोली व नंतर सातारा येथे राहिले. मुलाच्या पुस्तकांसाठी विवाहित मुलींचे दागिने मागून आणून ते गहाण ठेवत, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. निवृत्तिवेतन नियमित असले तरी शिक्षणासारख्या मोठ्या खर्चाला ते अपुरे पडते, ही अडचण किती जुनी आहे हे यावरून दिसते.

उत्पन्नाची घडण

मूळ वेतन, महागाई भत्ता आणि सैनिकी सेवा वेतन हा उत्पन्नाचा स्थिर भाग होय. सातव्या वेतन आयोगानुसार सैनिकी सेवा वेतन जवान व कनिष्ठ आयुक्त अधिकाऱ्यांना दरमहा ५,२०० रुपये, तर अधिकाऱ्यांना (ब्रिगेडियर हुद्द्यापर्यंत) १५,५०० रुपये आहे. याखेरीज नेमणुकीच्या जागेनुसार भत्ते मिळतात. अतिउंचीवरील व युद्धजन्य प्रदेशातील भत्ते हे त्यांतले ठळक होत. सियाचीन भत्ता २०१७ मध्ये जवानाला दरमहा ३०,००० आणि अधिकाऱ्याला ४२,५०० रुपये असा ठरवण्यात आला होता.

घराच्या हिशेबात खरी गफलत होते ती येथे. दोन-अडीच वर्षे वाढीव रक्कम खात्यात जमा होत राहिली की घर तिला सरावते. तिच्या आधारावर घरबांधणीचे किंवा मोटारीचे कर्ज घेतले जाते आणि हप्ता ठरतो. पुढे बदली शांतता क्षेत्रात, म्हणजे सैनिकांच्या बोलीत ‘पीस’ला होते, भत्ता त्या महिन्यापासून थांबतो, हप्ता मात्र पुढे दहा-पंधरा वर्षे चालू राहतो. म्हणून कर्जाचा हप्ता केवळ मूळ वेतन व महागाई भत्ता यांतून भागेल इतकाच ठेवणे आणि क्षेत्रीय भत्ता वेगळ्या खात्यात वळवणे हा सुरक्षित मार्ग मानला जातो. पगारपत्रकावर या रकमा स्वतंत्र दाखवलेल्या असतात. ते पत्रक घरी पोहोचले आणि वाचले गेले, तर हा भेद सहज ध्यानात येतो.

दोन चुलींचा खर्च

क्षेत्रीय नेमणुकीत सैनिकाचे जेवण व निवास शासनाकडे असतो, परंतु कुटुंबाला बरोबर राहता येत नाही. कुटुंब गावी, भाड्याच्या घरात किंवा छावणीतील विभक्त कुटुंबांसाठीच्या निवासात राहते. शांतता क्षेत्रात बदली झाल्यावर कुटुंब एकत्र येते आणि खर्चाचे स्वरूप पालटते. शासकीय निवासस्थान मिळाले की घरभाडे भत्ता मिळत नाही. गावी आईवडिलांना पाठवायची रक्कम तर दोन्ही काळांत चालूच असते. एकत्र कुटुंबात पेरणी, घरदुरुस्ती, भावाचे लग्न अशा प्रसंगी ‘पगारवाला’ म्हणून पहिली अपेक्षा सैनिकाकडूनच होते. ही जबाबदारी टाळण्याजोगी नसते. पण तिची वर्षाची रक्कम आधी ठरवलेली असली, तर ती प्रत्येक वेळी बचत मोडून द्यावी लागत नाही.

दर बदलीला सामानाची वाहतूक, नवा गणवेश, नवी पुस्तके आणि कधी शाळेची नवी भाषाही येते. बदली अनुदान मिळते, तरी मोडकेतोडके सामान बदलण्याचा खर्च त्यात धरलेला नसतो. केंद्रीय विद्यालयांमुळे अभ्यासक्रमाचा सांधा जुळतो, ही मोठीच सोय आहे. शिक्षण भत्ता सामान्यतः दोन अपत्यांसाठी मिळतो. सातव्या आयोगाने तो दरमहा २,२५० रुपये ठरवला होता व महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यावर २०२४ मध्ये तो २,८१२.५० रुपये झाला. मात्र तो शैक्षणिक वर्ष संपल्यावर एकदम मिळतो. जूनमधील प्रवेशाचा खर्च त्यामुळे आधी गाठीच्या पैशातूनच करावा लागतो.

कँटीन स्टोअर्स डिपार्टमेंटची (स्थापना १९४८, मुख्यालय मुंबई) कँटीन हा या घरांचा मोठा आधार आहे. साबण, चहा, तेलापासून पंखे व दुचाकीपर्यंत वस्तू तेथे बाजारभावापेक्षा स्वस्त मिळतात. तथापि स्वस्त मिळते म्हणून गरजेपेक्षा अधिक घेणे, किंवा नातेवाइकांच्या याद्या पुरवताना स्वतःचे पैसे अडकवणे, हेही नित्याचेच आहे. कँटीनची बचत पासबुकात दिसली तरच तिला बचत म्हणता येईल.

बचतीची साधने

जवान व कनिष्ठ आयुक्त अधिकाऱ्यांसाठी सशस्त्र सेना कर्मचारी भविष्य निर्वाह निधी आणि अधिकाऱ्यांसाठी स्वतंत्र निधी आहे. पगारातूनच कपात होत असल्याने या बचतीला वेगळा निग्रह लागत नाही. किमान वर्गणीपेक्षा अधिक रक्कम स्वेच्छेने कापून घेता येते. १ जानेवारी १९७६ पासून सेना समूह विमा निधी कार्यरत आहे. त्याच्या मासिक कपातीचा एक भाग विम्यासाठी व दुसरा बचतीसाठी असतो आणि बचतीचा भाग निवृत्तीच्या वेळी परत मिळतो. बँकांच्या संरक्षण वेतन खात्यांवर अपघात विम्याचे संरक्षण असते. त्याची रक्कम बँकेनुसार बदलते व वेतन त्याच खात्यात जमा होत असेल तरच ते लागू होते.

घरातील स्त्रीच्या स्वाधीन असलेली साधने म्हणजे टपाल खात्यातील आवर्ती ठेव, मुलीसाठी २०१५ मध्ये सुरू झालेली सुकन्या समृद्धी योजना, बचत गट, सोने आणि भिशी. यांपैकी भिशी केवळ विश्वासावर चालते. बदली झालेल्या सभासदाला दुसऱ्या गावाहून तिचे पैसे वसूल करणे जवळजवळ अशक्य असल्याने छावणीतील भिशीत मोठी रक्कम न गुंतवणेच श्रेयस्कर.

नोंदी व नामनिर्देशन

अर्थनियोजनाचा हा भाग सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाचा आहे. सैनिकाचा विवाह, अपत्यांचा जन्म, घटस्फोट, पत्नीच्या नावातील बदल अशा घटना युनिटकडून ‘पार्ट टू ऑर्डर’द्वारे अभिलेख कार्यालयात नोंदवल्या जातात. मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानांचे अभिलेख कार्यालय बेळगाव येथे आहे. सैनिक दगावल्यास कुटुंब निवृत्तिवेतन याच नोंदीच्या आधारे सुरू होते. विवाह झाला पण नोंद झाली नाही, तर विधवेला आपण पत्नी आहोत हेच प्रथम कागदोपत्री सिद्ध करावे लागते आणि घर दुःखात असताना महिनोन्‌महिने पैशाविना जातात.

महाराष्ट्रात यात आणखी एक गुंता आहे. आपल्याकडे विवाहानंतर स्त्रीचे आडनाव व मधले नाव बदलते, काही घरांत तर पहिले नावही बदलण्याची चाल आहे. परिणामी शाळेच्या दाखल्यावर एक, आधारपत्रावर दुसरे आणि सेवा अभिलेखात तिसरे नाव राहते. जन्मतारखेचेही तसेच. ही विसंगती सैनिक सेवेत असताना युनिटमार्फत दुरुस्त करणे तुलनेने सोपे असते.

नामनिर्देशन व कुटुंब निवृत्तिवेतन यांतील फरकही समजून घ्यावा लागतो. कुटुंब निवृत्तिवेतन नियमाने ठरलेल्या क्रमाने, म्हणजे प्रथम पत्नीला मिळते. भविष्य निर्वाह निधी व समूह विम्याची रक्कम मात्र सैनिकाने लिहून दिलेल्या नामनिर्देशनानुसार दिली जाते. भरतीच्या वेळी अविवाहित तरुण स्वाभाविकपणे आईवडिलांचे नाव लिहितो. विवाहानंतर ते पुन्हा पाहिले गेले नाही, तर सून आणि सासू-सासरे यांच्यात वाद उभा राहतो. यात कोणाचाच लोभ असावा लागत नाही. नामनिर्देशन हिश्श्यांत वाटून देता येत असल्याने पत्नी व आईवडील दोघांचीही सोय लावता येते.

कुटुंब निवृत्तिवेतनाचा दर मृत्यूच्या कारणानुसार बदलतो. सामान्य दर शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के, सेवेशी संबंधित कारणाने मृत्यू झाल्यास ६० टक्के, तर युद्ध वा तत्सम कारवाईत मृत्यू आल्यास शेवटच्या वेतनाइतका असतो.

निवृत्ती

जवानाला १५ वर्षांच्या अर्हताकारी सेवेनंतर आणि अधिकाऱ्याला २० वर्षांनंतर निवृत्तिवेतन मिळते. १ जानेवारी २००४ पासून लागू झालेल्या राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतून सैन्यदले वगळण्यात आली. ‘एक पद, एक निवृत्तिवेतन’ हे धोरण १ जुलै २०१४ पासून लागू आहे. उपचारांसाठी माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना २००३ पासून चालू आहे.

निवृत्तिवेतनाचा ५० टक्क्यांपर्यंतचा भाग एकरकमी घेता येतो; यास अंशराशीकरण म्हणतात. समजा मूळ निवृत्तिवेतन २०,००० रुपये आहे व त्यातील १०,००० रुपयांचे अंशराशीकरण केले. चाळिशीच्या वयाला गुणक ९.०९ असल्याने १०,००० × १२ × ९.०९ म्हणजे १०,९०,८०० रुपये हाती येतात. पुढील १५ वर्षे मूळ निवृत्तिवेतन १०,००० रुपये मिळते, महागाई भत्ता मात्र पूर्ण २०,००० वर मोजला जातो. १५ वर्षांनंतर कापलेला भाग पूर्ववत होतो.

उपदान, रजेचे रोखीकरण, भविष्य निर्वाह निधी, समूह विमा आणि अंशराशीकरण या रकमा थोड्याच काळात एकत्र येतात. गावी परतलेल्या सैनिकाजवळ पैसे आले आहेत हे सर्वांना ठाऊक असते. घराचा स्लॅब, विहीर, ट्रॅक्टर, बहिणीचे लग्न आणि कोणा परिचिताची ‘दामदुप्पट’ योजना अशा वाटा एकाच वेळी समोर येतात. दुसरी नोकरी लागेपर्यंतचा वर्षभराचा घरखर्च व मुलांच्या उच्च शिक्षणाची रक्कम प्रथम बाजूला काढून उरलेल्यातून बांधकाम करणारी घरे या काळातून सुखरूप पार पडतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत पुनर्नोकरी, मुलांची वसतिगृहे व शिष्यवृत्त्या यांची माहिती मिळते.

अग्निवीरांची कुटुंबे

जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेने या नियोजनाचा पायाच बदलला. सेवा चार वर्षांची असून तुकडीतील जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीरांना पुढे नियमित सेवेत घेतले जाते. मासिक रक्कम पहिल्या वर्षी ३०,००० व चौथ्या वर्षी ४०,००० रुपये असते. तिच्यातील ३० टक्के सेवा निधीत जातात व शासन तेवढीच भर घालते. त्यामुळे हाती पहिल्या वर्षी २१,००० आणि चौथ्या वर्षी २८,००० रुपये पडतात. चार वर्षांत अग्निवीराचे ५.०२ लाख व शासनाचे तेवढेच मिळून १०.०४ लाख रुपये जमतात आणि व्याजासह सुमारे ११.७१ लाख रुपये करमुक्त मिळतात. सेवाकाळात ४८ लाख रुपयांचा विमा असून त्यासाठी कपात होत नाही.

चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अग्निवीराला उपदान, निवृत्तिवेतन किंवा माजी सैनिकांची आरोग्य योजना यांपैकी काही लागू नाही. घरच्यांनी सेवा निधी हा जुन्या पद्धतीतील निवृत्तीच्या पैशासारखा समजून त्यावर घर बांधायला घेतले, तर एकवीस ते पंचविशीतील तरुणाकडे पुढील शिक्षणासाठी किंवा व्यवसायासाठी भांडवल उरत नाही. नियमित सेवेत निवड होईल असे गृहीत धरून चौथ्या वर्षी कर्ज काढणे तर अधिकच धोक्याचे, कारण निवडीचा निर्णय सेवाकाळाच्या अखेरीस होतो.