शंकरपटाचा खरा पाया

मुंबई-कोलकाता महामार्ग गोंदिया जिल्ह्यातल्या सडक अर्जुनीवरून जातो. पण झाडीपट्टीच्या प्रवासाचा इतिहास डांबराबाहेर, धानाच्या बांध्यांतल्या चाकोऱ्यांत सापडतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या पट्ट्यात धान घरात आले की शंकरपट भरत: दिवसा बैलजोड्यांची शर्यत, रात्री नाटक. माझ्या मते पटाचा पाया वेगात नव्हे, सोबतीने केलेल्या तयारीत आणि प्रवासात होता. वेळच पाहा. बांध्या सुकलेल्या, म्हणून पटाला निघालेली बैलगाडी शेतातून जाई. हातांना सवड, म्हणून डागडुजी होई. सुतार आरे बसवी. लोखंडी धाव विस्तवात तापवून चाकावर चढवत; पाणी ओतताच ती आकसून लाकूड घट्ट आवळी. हे एकट्यादुकट्याचे काम नव्हेच.

बैल धावले नाहीत तर पटात उरते काय, असे कुणी म्हणेल. त्याची परीक्षा होऊन गेली आहे. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. डिसेंबर 2021 मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी शर्यतींना मुभा देणारा राज्याचा कायदा वैध ठरला. मधल्या काळात पटातली रात्रीची नाटके करणारी, गडचिरोलीतल्या वडशाची झाडीपट्टी रंगभूमी बंदीमुळे थांबली नाही. म्हणजे माणसे केवळ शर्यतीसाठी जमत नव्हती. क्रूरतेचा आक्षेप मात्र खोडता येत नाही: टोचणी आणि मारहाणीला परंपरेची ढाल देऊ नये. जपायचे आहे ते चाक बांधण्याचे कसब आणि मिळून वाटेला लागण्याची रीत.