'मॅथ' की 'मॅथ्स': एका 'स'चा इतिहास

इंग्रजी 'मॅथेमॅटिक्स'चे मूळ ग्रीक 'माथेमा' या शब्दात आहे. त्याचा अर्थ शिकण्याची गोष्ट, विद्या. तीत आकडेमोड असायलाच हवी असे नव्हते. ॲरिस्टॉटलच्या काळापर्यंत हा अर्थ अंकगणित, भूमिती, खगोलशास्त्र अशा विद्यांपुरता आकसला आणि त्या सगळ्यांना मिळून नपुंसकलिंगी अनेकवचनात 'टा माथेमाटिका' म्हणू लागले.

रोमन काळात शब्दाने वेगळेच वळण घेतले. 'माथेमाटिकुस' म्हटले की लोकांना ज्योतिषी आठवे. 6व्या शतकातल्या सम्राट जस्टिनियनच्या कायदेसंहितेत हे लोक जादूटोणा करणाऱ्यांच्या पंक्तीला बसवलेले आहेत. सेंट ऑगस्टीनने ख्रिस्ती लोकांना त्यांच्यापासून सावध केले, तेही भविष्य सांगणाऱ्यांबद्दल. गणिताचा शत्रू म्हणून त्याचे नाव आजही घेतले जाते, तो त्याच्यावर अन्याय आहे.

इंग्रजीत आधी आला तो 'मॅथेमॅटिक' हा एकवचनी शब्द. लॉजिक, म्युझिक, अरिथमेटिक ही नावे त्याच जुन्या पिढीतली, म्हणून ती आजही 'स'विना आहेत. 16व्या शतकात ग्रीक ग्रंथांचा अभ्यास वाढला, तेव्हा ग्रीक अनेकवचनाच्या धर्तीवर शास्त्रांच्या नावांना 'स' लागू लागला आणि 'मॅथेमॅटिक्स' रूढ झाले. तो 'स' तेव्हा खरोखरच अनेकवचनाचा होता. शेक्सपिअरच्या 'द टेमिंग ऑफ द श्रू' या नाटकात मॅथेमॅटिक्स आणि मेटाफिजिक्स यांच्याआधी 'द' लागतो आणि दोन्हींसाठी मिळून अनेकवचनी सर्वनामही येते. पुढे बीजगणिताने भूमितीला हात दिला, कलनशास्त्र आले, वेगवेगळ्या विद्या एका शास्त्रात गुंफल्या गेल्या. वापरातही हळूहळू 'द' गळाला आणि क्रियापद एकवचनी झाले. 'स' मात्र जागेवरच राहिला.

फ्रेंचांनी अनेकवचन टिकवले: 'ले मातेमातिक'. त्यामुळेच निकोला बूर्बाकी या टोपणनावाने लिहिणाऱ्या गणितज्ञांच्या गटाने 1939पासून निघालेल्या आपल्या ग्रंथमालेच्या नावात मुद्दाम एकवचन वापरले. गणित एकसंध आहे, ही त्यांची भूमिका त्या नावातच होती.

छोट्या रूपांपैकी अमेरिकेतले 'मॅथ' 19व्या शतकातले. ब्रिटनमधले 'मॅथ्स' 20व्या शतकाच्या सुरुवातीला लेखी सापडते. 'मॅथेमॅटिक्स अनेकवचनी, म्हणून मॅथ्सच बरोबर' हा युक्तिवाद टिकत नाही, कारण 'मॅथ्स'लाही क्रियापद एकवचनीच लागते. एकाने शब्द मध्येच तोडला, दुसऱ्याने तोडून शेवटचे अक्षर परत जोडले. दोन्ही रीती सारख्याच रास्त आहेत. स्टॅटिस्टिक्सचे 'स्टॅट्स' करताना अमेरिकी माणूसही 'स' ठेवतो, तेव्हा यात नियम शोधण्यात अर्थ नाही. 'आफ्टरमॅथ'मधल्या 'मॅथ'चा मात्र गणिताशी काही संबंध नाही. तो गवताच्या कापणीसाठीचा जुना इंग्रजी शब्द आहे.

भारतात ब्रिटिश वळणाचे 'मॅथ्स' रुजले. मराठी बोलणारी मुले 'मॅथ्स अवघड गेलं' म्हणतात. लिंग आणि वचन दोन्ही तिथे 'गणित' या शब्दाकडून येतात, आणि इंग्रजी 'स' कानावर पडूनही कोणी 'अवघड गेली' म्हणत नाही. 'गणितं' असे अनेकवचन मराठीतही आहे, पण ते वहीत सोडवायच्या उदाहरणांसाठी. शास्त्राचे नाव एकवचनीच राहते.