सरमद, अभयचंद आणि हैदराबादेतली तौरात

हैदराबादचा आणि ज्यू धर्माचा काय संबंध, असं कुणी विचारलं की मी सरमदचं नाव सांगतो. तो इराणातल्या काशानचा, ज्यू धर्मपंडितांच्या घराण्यातला. तिकडेच मुसलमान झाला, व्यापारासाठी सिंधमधल्या ठट्ट्याला आला. तिथे अभयचंद या हिंदू तरुणावर त्याचा जीव जडला आणि अंगावरच्या कपड्यांसकट सगळं सोडून तो फकीर झाला. पुढे दोघं अब्दुल्ला कुतुबशहाच्या हैदराबादेत आले.

'दबिस्तान-ए-मजाहिब' या फारसी ग्रंथाचा कर्ता १६४७ साली त्यांना इथेच भेटला. निरनिराळ्या धर्मांची ओळख करून देणारा हा ग्रंथ. ज्यूंविषयीची माहिती त्याने त्या धर्मात वाढलेल्या सरमदलाच विचारून घेतली. शिवाय अभयचंदाने सरमदकडे शिकून तौरातचा आरंभ फारसीत आणला होता, तोही ग्रंथात घेतला. हा उतारा सृष्टीच्या उत्पत्तीपासून निघून नूहच्या नावापाशी थांबतो. ऐन जलप्रलयाच्या तोंडावर! पण सिनेगॉगमध्ये वर्षभर तौरात वाचतात, त्यातला पहिल्या आठवड्याचा पाठ नेमका इथेच संपतो. म्हणजे अनुवाद अभयचंदाचा असला, तरी विभागणी ज्यू परंपरेचीच.

तिन्ही धर्मांचं मूळ आणि त्यांच्या वाटा कुठे फुटतात, हे एवढ्याशा भागातही दिसतं. एकच निर्माता, आदम-हव्वा, हाबील-काबील, नूह ही सगळी तिघांची. मात्र देवाने सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून ज्यू शनिवार पाळतात. आपल्या कोकणातले बेने इस्राएल त्या दिवशी घाणा बंद ठेवत, म्हणून तर ते 'शनिवार तेली'! ख्रिस्ती लोकांनी येशूच्या पुनरुत्थानाचा रविवार धरला. कुराणातही सृष्टी सहा दिवसांतच होते, पण देवाला थकवा शिवला नाही असं स्पष्ट सांगितलंय; जुम्मा हा सामुदायिक नमाजाचा दिवस, विसाव्याचा नव्हे. आदमच्या चुकीचंही तसंच. बहुतेक ख्रिस्ती पंथांच्या मते तिचा वारसा साऱ्या मानवजातीला मिळाला आणि येशूने त्यातून सोडवलं. इस्लाममध्ये आदमने तौबा केली, अल्लाने माफ केलं, विषय संपला. ज्यूही ते पाप जन्मजात मानत नाहीत. इब्राहिमने कुर्बानीला नेलेला मुलगा इसहाक की इस्माईल, हा मतभेद तर पुढच्या पानांवरचा.

१६६१च्या सुमारास औरंगजेबाच्या काळात दिल्लीत सरमदचा शिरच्छेद झाला. कलमा म्हणायला सांगितल्यावर तो 'ला इलाहा', म्हणजे 'कोणी ईश्वर नाही', एवढंच म्हणून थांबला, अशी आख्यायिका आहे. त्याची कबर दिल्लीच्या जामा मशिदीजवळ आहे, तिथे आजही लोक जातात.

हैदराबादच्या वाट्याला मात्र वेगळं काही आलं. ज्यू घरात जन्मलेल्याने सांगितलं, हिंदूने फारसीत उतरवलं आणि मुसलमान सुलतानाच्या राजधानीत ते ग्रंथकाराच्या हाती पडलं. दुसऱ्याचा धर्म त्याच्याच तोंडून ऐकावा, ही साधी रीत या शहरात पावणेचारशे वर्षांपूर्वी कुणीतरी पाळली होती. चारमिनार दाखवताना आपण एवढं तरी सांगायला हवं.