गाळलेले डिझेल : बडनेरा परिसरातील इंजिने आणि घरगुती देखभालीचा इतिहास

बडनेरा हे गाव वऱ्हाडच्या नकाशावर ठळक झाले ते कापसामुळे आणि रेल्वेमुळे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (1861–65) लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडील कापूस मिळेनासा झाला, वऱ्हाडी कापसाचा भाव वधारला, आणि ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा जो मार्ग 1867 मध्ये नागपूरला पोहोचला तो बडनेऱ्यावरून गेला. अमरावतीची मोठी कापूसपेठ या मुख्य मार्गापासून सुमारे दहा किलोमीटर बाजूला राहिल्यामुळे तिच्यासाठी बडनेऱ्याहून स्वतंत्र शाखा टाकावी लागली. रेल्वे आली तरी शेतापासून जिनिंगपर्यंतची वाहतूक बैलगाडीच करीत होती आणि तिच्या आखाला वंगण घालण्यापासूनची नित्याची देखभाल शेतकऱ्याच्या अंगणातच होत असे. आज त्याच अंगणात उभ्या असलेल्या पिकअपचा डिझेल फिल्टर घरीच बदलला जातो, तेव्हा त्या कामामागे बैलगाडीपासून विहिरीवरील इंजिनापर्यंतची दीर्घ परंपरा उभी असते.

रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन 1897 मध्ये जर्मनीतील आउग्सबर्ग येथे यशस्वीपणे चालले. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगीने इंधन पेटते. डिझेलच्या इंजिनात हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच आत फवारलेले इंधन पेट घेते. हा फवारा मारणाऱ्या भागाला नोझल आणि त्याला दाबाने इंधन पुरवणाऱ्या भागाला इंजेक्शन पंप म्हणतात. या दोहोंचे सरकते भाग एकमेकांत इतके घट्ट बसवलेले असतात की त्यांच्यातील फट काही मायक्रॉनच, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजारांश भागांइतकीच असते. या भागांना वंगण मिळते तेही डिझेलचेच. इंधनातून आलेला मातीचा बारीक कण तेथे कानशीसारखा झिजवतो आणि पाण्याचा थेंब गंज आणतो. म्हणून टाकी आणि पंप यांच्यामध्ये गाळणी, म्हणजेच फिल्टर, आला.

भारतात या यंत्राचा प्रसार स्वातंत्र्याच्या आसपास वेगाने झाला. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यात 1946 मध्ये स्थापन झाली, बॉशच्या सहकार्याने बंगळूरला 1951 मध्ये निघालेल्या ‘मायको’ने इंजेक्शन पंपांसारखे नाजूक भाग देशातच बनवण्याचा मार्ग मोकळा केला, आणि टेल्कोने डाइमलर-बेंझशी 1954 मध्ये करार करून जमशेदपूरला डिझेल ट्रक बनवण्यास आरंभ केला. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात मात्र डिझेल इंजिनाची जवळून ओळख करून दिली ती मुख्यतः विहिरीवरच्या पंपाने. त्या मानाने वऱ्हाडच्या लहान रेल्वेवर वाफ फार काळ टिकली: मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणाऱ्या अरुंद मार्गावरील ‘शकुंतला’ गाडीला डिझेल इंजिन लागले ते 1994 मध्ये. मळ्यात डिझेल इंजिन कित्येक वर्षे नांदल्यानंतर ते या गाडीला जोडले गेले, ही गोष्ट या प्रदेशाच्या यांत्रिक इतिहासात लक्षणीय आहे.

विहिरीवरच्या इंजिनाने जी शिस्त शिकवली ती तपशिलाने पाहण्यासारखी आहे. डिझेल ड्रममध्ये साठवले जाई. अर्धवट भरलेल्या ड्रममधील दमट हवा रात्री गार झाली की आतल्या पत्र्यावर पाणी धरे आणि ते डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी बसे. त्यामुळे तळचे डिझेल न घेणे आणि वरचे सुती फडक्यातून गाळून टाकीत ओतणे, ही पहिली काळजी. फिल्टर उघडताना आधी टाकीचा कॉक बंद करावयाचा, मधला बोल्ट सैल करून वाटी उतरवावयाची, तिच्यातील काळा गाळ फेकून ती स्वच्छ डिझेलने धुवावयाची, रबरी रिंग पालटावयाची आणि कापडी गाळणी धुऊन, तर कागदी गाळणी नवीच बसवावयाची. त्यानंतर खरे काम उरते ते ‘एअर काढण्याचे’. नळीत हवा अडकली की पंपाचा दाब ती हवा दाबण्यातच खर्च होतो आणि नोझल फवारा मारीत नाही. म्हणून फिल्टरच्या माथ्यावरचा स्क्रू सैल ठेवून, फेसाळ डिझेल वाहू देऊन, बुडबुडे थांबून अखंड धार येताच तो आवळला जाई, आणि मगच हँडल मारले जाई.

इंजिन शेतातून रस्त्यावर आले तेव्हा या पद्धतीत एक महत्त्वाचा बदल झाला. पंपाच्या इंजिनावर टाकी वर असते, त्यामुळे डिझेल आपल्याच भाराने खाली येते. गाडीत टाकी इंजिनाच्या खालच्या पातळीवर असल्याने ते ओढून आणावे लागते. त्यासाठी फीड पंप आला आणि गाडी बंद असताना हवा काढता यावी म्हणून हाताने दाबण्याचा हँड प्रायमर आला. टाटा 407 ही हलकी मालगाडी 1986 मध्ये, तर टाटा एस 2005 मध्ये बाजारात आली, आणि बोलेरो पिकअपसारख्या गाड्याही खेड्यापाड्यांत रुळल्या. मोर्शी-वरुडच्या संत्र्यांना अशा वाहनाची विशेष गरज होती, कारण आंबिया बहाराची फळे साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरात आणि मृग बहाराची फेब्रुवारीनंतर तोडीस येतात, आणि तोडलेला माल वाटेत अडकला तर नासतो. अशा दिवसांत चढावर गाडी ओढेनाशी झाली, तर तुंबलेला फिल्टर ओळखून तो बदलता येणे हे मालकासाठी उपजीविकेचे ज्ञान ठरते.

पुढचा बदल दाबाचा होता. जुन्या पंप-नोझलमध्ये फवारा सुमारे 200 बार दाबाला सुटे. 1997 पासून मोटारींत आलेल्या कॉमन रेल पद्धतीत, म्हणजे सर्व नोझलना एकाच दाबयुक्त नळीतून इंधन देण्याच्या रचनेत, हा दाब हजार बारच्या वर गेला आणि पुढे तो वाढतच राहिला. देशभर 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या भारत स्टेज-6 मानकाने डिझेलमधील गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत 10 भागांपर्यंत आणली. इंधन पंपावर स्वच्छ मिळाले तरी वाटेतील धूळ, ड्रममधील पाणी आणि हाताची घाण यांचा धोका कमी झाला नाही. उलट, दाब वाढल्याने तो अधिक महाग झाला. म्हणून नवीन फिल्टर त्याच्या वेष्टनातून बसवण्याच्या क्षणीच काढावा, बाजूच्या नळ्यांची धूळ आधी पुसावी, फिल्टरच्या गाळलेल्या बाजूस बाहेरचे डिझेल ओतू नये, आणि हवा काढण्यासाठी जुन्या सवयीने उच्च दाबाच्या नळीचा नट कधीही सैल करू नये, कारण त्या दाबाची धार कातडी भेदून शरीरात शिरते. फिल्टरच्या तळाशी साचलेले पाणी सोडण्याचा नळ आणि पाण्याची सूचना देणारा दिवा आता अनेक गाड्यांत असतो. त्याकडे लक्ष ठेवण्याची जबाबदारी मात्र चालवणाऱ्याचीच राहते.

वऱ्हाडचा औद्योगिक इतिहास रेल्वे, जिनिंग-प्रेसिंग आणि गिरण्या यांच्या आधारे लिहिला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु या संस्थांपर्यंत माल पोहोचवणारी यंत्रे ज्यांनी आपल्या दारात चालती ठेवली त्यांच्या हातचे ज्ञानही त्या इतिहासाचा भाग आहे. ते शाळेत शिकवलेले नव्हते. बापाने मुलाला आणि मिस्त्रीने हाताखालच्या पोराला काम करता करता दिलेले होते. आजचे इंजिन संगणकाच्या आधारे चालत असल्याने त्याची मोठी दुरुस्ती घरी होणे कठीण आहे, तरीही गाळणे, पाणी सोडणे, हवा काढणे आणि स्वच्छता पाळणे ही चार कामे मालकाच्या हातून सुटता कामा नयेत. यंत्र वापरणाऱ्याला त्याचे अंतरंग कळावे हा आग्रह विहिरीवरच्या इंजिनाने या मातीत रुजवला, आणि तो टिकवणे हे बडनेऱ्यासारख्या वाहतुकीवर जगलेल्या गावाच्या हिताचेच आहे.